कीबोर्डची घुं आणि भाच्याचं ध्यान

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही आणि टीव्हीसमोर बसायचं नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हे सांगायला मात्र ते विसरले.

एकट्या बाईला या दिवसांत सोबत हवी, म्हणून भाचा तिला आपल्या घरी घेऊन आला. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत तिला बसवलं, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा चढवला आणि शेजारी थेंबांच्या दोन बाटल्या ठेवल्या. भाच्याचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे थेंबांच्या वेळा तो स्वतः बघायचा. भाचेसून पुढच्या खोलीत कीबोर्डचे क्लास घ्यायची. सकाळ-संध्याकाळ मुलं यायची, सूर लावायची, चुकायची, पुन्हा लावायची. आत्याची करमणूक आपोआप झाली.

पण पहिल्याच दिवशी आत्याच्या कानात काहीतरी शिरलं. मुलं वाजवायची थांबली, तरी कीबोर्ड गप्प बसेना. घुंऽऽऽ. हळू, जाडसर, एकाच पट्टीत. पिठाच्या डब्यात भुंगा अडकावा तसं.

आत्याने बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर काढली होती. कानाला हेडफोन लावून ती नुसत्या खरखरीवरून सांगायची, की हा जोड ओला झालाय आणि ही वायर उंदराने खाल्लीय. लाइनमन खांबावर चढायच्या आधी तिला विचारून घ्यायचे. आता डोळे सुट्टीवर होते आणि कानांना कामच नव्हतं. भुकेल्या माणसापुढे भरलेलं ताट यावं, तशी ती घुं तिच्यापुढे आली.

"सूनबाई, हा आवाज कधीपासून येतोय गं?"

भाचेसून तिच्याकडे बघतच राहिली. मग धावत येऊन तिने आत्याचे दोन्ही हात धरले. "आत्या! तुम्हाला येतो ऐकू? दीड महिना झाला हो! मी यांना रोज सांगते, तर हे म्हणतात, आवाजबिवाज काही नाही, तुझ्या कानात मळ असेल. कानात घालायचे थेंबसुद्धा आणून दिले मला!"

"घातलेस?"

"आठवडाभर!"

आत्याच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. भाच्याला तिने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याचे कान वाईट नव्हते. शाळेत असताना तीन खोल्यांपलीकडे कुणी बिस्किटाचा पुडा फोडला, तरी त्याला कळायचं.

दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने कीबोर्डला कान लावला, मान हलवली आणि आतला बोर्ड गेला म्हणून सांगितलं. दुकानात न्यावा लागेल, दहा-बारा दिवस लागतील. पण पुढच्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम होता, पालक येणार होते. कीबोर्ड दहा दिवस देणार कसा? आणि ही घुं मोठ्या स्पीकरमधून आली, तर मुलं काय वाजवणार आणि लोक काय ऐकणार?

"कुणाला उघडायला देऊ नकोस," आत्या म्हणाली. "आधी मला बघू दे."

"तुम्हाला बघायची बंदी आहे ना?"

"अगं, ऐकायची कुठे आहे?"

दुपारी भाचा जेवायला आला, तेव्हा आत्याने त्याला हुकूम सोडला. "बबड्या, येताना दुकानातून जाडे सेल आण. सहा."

"सहा? कशाला गं?"

"टॉर्चला."

"टॉर्चला दोन लागतात."

"माझा टॉर्च मोठा आहे."

भाच्याने वाद घातला नाही. त्याला घाई होती. एक ते चार दुकान बंद असायचं आणि जेवण झालं की तो मागच्या अडगळीच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. ध्यानाला बसतो, म्हणायचा. वीस मिनिटं कुणी हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. दोन महिने झाले, हा नेम चुकला नव्हता. ज्या माणसाला लहानपणी पाढे म्हणायला एका जागी बसवताना तिच्या नाकी नऊ यायचे, तो वीस मिनिटं डोळे मिटून बसतो, याचं आत्याला मोठं कौतुक वाटलं. कौतुक आणि थोडा संशय.

रात्री सहा सेल आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा दुकानात गेल्यावर आत्याने भाचेसुनेला कीबोर्ड उलटा करायला लावला. खालच्या खणात सेल बसवले, भिंतीतलं अडॅप्टर काढलं, बटण दाबलं.

काही नाही. घुं नाही, घाँ नाही. भाचेसुनेने एक सूर दाबला आणि सोडला. तो सूर स्वच्छ विरून गेला आणि त्याच्यामागे नुसती शांतता उरली.

"गेली!" भाचेसून ओरडली.

"म्हणजे कीबोर्ड निर्दोष," आत्या म्हणाली. "तो दुरुस्तीवाला चोर सोडून संन्याशाला फाशी देत होता. दोष आहे त्या अडॅप्टरमध्ये. आण ते इकडे."

भाचेसुनेने काळा ठोकळा तिच्या हातात दिला. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला नाही. अंगठ्यानेच तो चाचपला. हलका होता, उंदराच्या पिल्लासारखा. आणि गुळगुळीत होता.

"तू तुझ्या सगळ्या सामानावर नेलपॉलिशचा ठिपका देतेस ना? मुलांच्या वस्तूंत मिसळू नये म्हणून?"

"हो, लाल. हेडफोनवर, स्टँडवर, सगळ्यांवर."

"मग याचा ठिपका कुठेय?"

भाचेसुनेने ठोकळा खिडकीपाशी नेला, उलटासुलटा केला. तिचा चेहरा पडला. "हा आपला नाहीच. कुणीतरी बदलला. आत्या, ते जुळे! शनिवारच्या बॅचमधले. त्यांच्याकडेही कीबोर्ड आहे. मागे त्यांनी माझा हेडफोन चुकून नेला होता..."

"थांब. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस. आज सेलवर क्लास घे. आणि बबड्यासमोर यातलं अक्षर काढू नकोस. मला एक दिवस दे."

भाचेसून भाजी आणायला बाहेर पडली. आत्या उठली, तो काळा ठोकळा पदरात घेतला आणि भिंतीला हात लावत मागच्या खोलीकडे निघाली. डॉक्टरांनी वाकायची बंदी केली होती, चालायची नाही.

अडगळीच्या खोलीत औषधांचे रिकामे खोके होते, जुना पंखा होता आणि मधोमध एक खुर्ची. ध्यानाला बसायला खुर्ची, ठीक आहे, गुडघे दुखत असतील. पण खुर्चीच्या मागे, खोक्यावर टॉवेल झाकून काहीतरी ठेवलं होतं. आत्याने टॉवेल उचलला आणि आता मात्र चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

ती टोपी होती. क्रिकेटवाले घालतात तशी हेल्मेटसारखी, काळी, चकचकीत. आतून तांबड्या मण्यांसारखे शंभरेक बारीक दिवे. मागून एक वायर निघाली होती आणि ती वायर जात होती एका जड काळ्या अडॅप्टरमध्ये. त्या अडॅप्टरवर, पिनेच्या वर, लाल नेलपॉलिशचा टपोरा ठिपका. शेजारी पुस्तिका. आत्याला वाचायची बंदी होती, म्हणून तिने फक्त चित्रं बघितली. पहिल्या चित्रात टकला माणूस रडवेला होता. तिसऱ्या चित्रात त्याच्या डोक्यावर जंगल होतं आणि तो हसत होता.

आत्या खुर्चीत बसली आणि तोंडात पदर कोंबून हसली. डोळ्यांना ताण येऊ नये म्हणून अधूनमधून थांबली, पुन्हा हसली. हाच भाचा दुकानात केसांची तेलं मागायला आलेल्या माणसांना सांगायचा, की बाबा रे, हे सगळं थोतांड आहे, गेलेला केस परत येत नाही. आणि इथे हा रोज दुपारी दिवे लावून बसत होता!

सगळा प्रकार तिच्या लक्षात आला. टोपीचं अडॅप्टर जळालं असणार. या पठ्ठ्याने बायकोच्या कीबोर्डचं काढून टोपीला लावलं आणि कीबोर्डला कुठलंतरी स्वस्तातलं डकवलं. चोरी लपवायला बायकोच्या कानात थेंब घातले.

तिला त्याच क्षणी भाचेसुनेला सांगता आलं असतं. पण मग गंमत काय राहिली असती? तिने हलकं अडॅप्टर पदरातून काढलं, टोपीच्या वायरीला जोडलं आणि ठिपकावालं स्वतः घेतलं. टॉवेल होता तसा झाकला. दारापर्यंत जाऊन परत आली. केसातली छोटी फणी काढली आणि टोपीच्या आत, अगदी मधोमध, ठेवून दिली.

भाचेसून परतल्यावर आत्याने तिला ठिपकावालं अडॅप्टर लावायला दिलं; कुठे सापडलं, ते मागून सांगते म्हणाली. दुपारी भाचा घरात शिरला, तेव्हा शेवटची मुलगी वाजवत होती. तो हात धुवून पानावर बसला. पहिला घास तोंडात, आणि तिकडे मुलगी थांबली. खोली शांत. भाच्याचा जबडाही थांबला.

"आज... तो आवाज येत नाहीये?"

"कुठला आवाज?" भाचेसुनेने विचारलं. "आवाज नव्हताच ना?"

"नाही, म्हणजे, तू म्हणायचीस तो."

"यांनी चक्क मान्य केलं, आत्या!"

"अडॅप्टर बदललं," आत्या शांतपणे म्हणाली. "आता ठिपकावालं लावलंय."

भाच्याला ठसका लागला. भाचेसुनेने पाणी दिलं. तो पाणी पिता पिता आत्याच्या काळ्या चष्म्याकडे बघत होता, पण चष्म्यात त्याला त्याचंच डोकं दिसलं. कसंबसं जेवण उरकून तो ध्यानाला गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"झालं एवढ्यात?" आत्याने विचारलं.

"आज मन लागत नाही गं."

"अरे, ध्यान म्हणजे सोपं का? कधी कधी डोक्यात भलतंच काहीतरी सापडतं."

भाचा घाईघाईने आत पाणी प्यायला गेला. पण चोराच्या मनात चांदणं! त्याने पक्की समजूत करून घेतली, की फणी बायकोने ठेवली. आत्या तर बिचारी, तिला दिसतंय कुठे? बायकोला सगळं कळलंय आणि तरी ती काही बोलत नाही, म्हणजे हा उकळत्या पाण्यावर झाकण ठेवल्याचा प्रकार. त्या दिवसापासून भाचा सुतासारखा सरळ झाला. संध्याकाळी भांडी घासली. सकाळी चहा करून बायकोच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या आवडत्या रंगाची ओढणी आणली. तिसऱ्या दिवशी क्लासची खोली झाडून, खुर्च्या एका रांगेत लावून ठेवल्या.

आत्या आरामखुर्चीतून हे सगळं ऐकत होती आणि आतल्या आत तिला हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. मध्येच एखादी काडी टाकायची. "बबड्या, तुझ्या मामांचे केस शेवटपर्यंत कसे होते रे? घनदाट, नाही?" भाचा ताटातलं मीठच वेचत बसायचा.

चौथ्या दिवशी दुपारी मात्र भाचेसून आत्याच्या पायाशी येऊन बसली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आत्या, एक विचारू? हे असे का वागतायत? बावीस वर्षांत यांनी कधी चहाचं आधण ठेवलं नाही. आधी दोन महिने दार लावून बसायचे. आता ओढण्या आणतात. माझ्या नजरेला नजर देत नाहीत." ती आणखी जवळ सरकली. "कुणी आहे का हो यांच्या आयुष्यात? की काही आजार लपवतायत? औषधवाल्याला स्वतःचं दुखणं लपवायला काय लागतं!"

आत्याचं हसू एकदम विरलं. गंमत गंमत म्हणता तिने या बाईला रडायच्या काठावर आणून उभं केलं होतं. तिने भाचेसुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "त्याला कुणी नाही आणि काही झालं नाही. माझ्यावर विश्वास ठेव. संध्याकाळपर्यंत थांब."

भाचा दुकान उघडायला निघाला, तसा तिने त्याला दाराशी गाठला आणि चष्मा काढला.

"फणी माझी आहे. परत दे."

भाचा पायरीवर बसला. "तू? तुला दिसतं?"

"वायरीचं टोक दिसतं, आणि गाढवंही दिसतात. अरे, टोपी घालायची तर घाल, डोकं तुझं आहे. पण तिचं अडॅप्टर ढापलंस आणि वर तिच्या कानात थेंब? ती पोर वेडी व्हायची राहिली!"

भाचा चपलेशी चाळा करायला लागला. मग म्हणाला, "दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका शनिवारी मुलांना घ्यायला त्या जुळ्यांची आई आली होती. मी दार उघडलं. ती म्हणाली, टीचर आहेत का, काका? तुम्ही टीचरचे वडील ना?"

आत्याला हसू आलं होतं, ते तिने गिळलं.

"आम्ही दोघं एका वयाचे आहोत, आत्या. ती स्टेजवर उभी राहिली की अजून कॉलेजातली वाटते. आणि मी... कार्यक्रमाला सगळे पालक येणार. मला वाटलं, तोपर्यंत थोडे तरी..." त्याने डोक्यावरून हात फिरवला. तिथे हात अडावा असं काही नव्हतं.

"हे तिला सांग," आत्या म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? आणि आज सांग. ती भलतंच समजून बसलीय."

संध्याकाळी क्लास संपल्यावर भाच्याने सांगितलं. आत्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडली होती, म्हणजे कान टवकारून होती.  मग भाचेसुनेचा आवाज चढला. "म्हणजे मी चार दिवस त्या जुळ्यांवर डूख धरून होते! त्या लेकरांच्या दप्तरात डोकावत होते! आणि तुम्ही मला थेंब देत होतात, थेंब!" मग ती म्हणाली, "घालून दाखवा."

"काय?"

"टोपी. आत्ता. माझ्यासमोर."

अडगळीच्या खोलीतून पावलं आली. एक खटका वाजला. आणि मग भाचेसून जी हसत सुटली, ती जमिनीवर बसूनच थांबली. आत्याने एक डोळा उघडला. दारात भाचा उभा होता, डोक्यावर तांबडे दिवे लुकलुकत होते आणि चेहरा असा, की परग्रहावरून पाहुणा आला आणि कुणी पाणीही विचारलं नाही.

हसू ओसरल्यावर भाचेसुनेने डोळे पुसले. "कोण म्हणालं म्हणालात, वडील?"

"जाऊ दे गं."

"जाऊ दे कसं? रविवारी येईल ना ती. बघतेच तिला."

रविवारी तिघंही वेळेआधी सभागृहात पोचले. स्टेजवर कीबोर्ड मांडला, ठिपकावालं अडॅप्टर लावलं, सभागृहाच्या माणसाने वायर जोडून स्पीकर चालू केला.

घुंऽऽऽऽ.

पूर्वीपेक्षा दसपट. छताला भिडली.

भाचेसुनेने नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

"मी काही केलं नाही!" भाचा ओरडला. "शपथ! टोपी घरी आहे!"

"अडॅप्टर पुन्हा बदललंत?"

"ठिपका आहे बघ त्यावर!"

"ठिपका काय, कुणीही देईल. बाटली घरातच असते."

आत्याला पहिल्या क्षणातच कळलं होतं, की ही घुं वेगळी आहे. आधीची मऊ होती, हिला कडा होत्या, करकर होती. पण ती लगेच बोलली नाही. एवढं पाप केल्यावर थोडा घाम निघायला हरकत नव्हती. "बबड्या, सेल आण," ती म्हणाली. "सहा. धाव."

भाचा धावला. रविवारचं बंद दुकान उघडून, सेल घेऊन, धापा टाकत परत आला. सेल बसवले, अडॅप्टर काढून बाजूला ठेवलं, बटण दाबलं. घुंऽऽऽऽ. तशीच, तसूभर कमी नाही.

"सुटलास," आत्या म्हणाली. "अडॅप्टर काढूनही येतोय, म्हणजे तू निर्दोष."

"तुला आधीच माहीत होतं का?" भाच्याने शर्टाच्या बाहीने डोकं पुसलं.

 आत्या काठी टेकत स्टेजच्या कडेने हळूहळू चालत गेली आणि सभागृहाच्या माणसाला म्हणाली, "ते वरचे दिवे जरा मंद करा." दिवे मंद झाले, तशी करकर वाढली. पूर्ण बंद केले, घुं गेली. तिने काठीने खाली दाखवलं. कीबोर्डपासून स्पीकरला जाणारी वायर आणि दिव्यांची जाड वायर एकाच दोरीने बांधून, गळ्यात गळा घालून, स्टेजच्या टोकापर्यंत नेली होती. "बोलण्याची तार आणि विजेची तार कधी एकत्र बांधू नये, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे. सोडा ती गाठ."

गाठ सोडली. पण कीबोर्डची वायर आखूड होती. वळसा घालून न्यावी तर पुरेना, सरळ न्यावी तर दिव्यांच्या वायरीवर पडे. दुसरी वायर सभागृहाकडे नव्हती आणि पालक आत यायला लागले होते. सभागृहाच्या माणसाने वायर हाताने वर उचलून धरली. घुं थांबली. खाली सोडली, आली.

"कुणीतरी धरून उभं राहायला हवं," तो म्हणाला. "मला दिवे बघायचेत."

भाचेसुनेने काही म्हणायच्या आत भाचा पुढे झाला. जागा स्टेजच्या कोपऱ्यात होती, पडद्याच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी, आणि वरचा दिवा नेमका तिथेच पडत होता. त्याने वायर खांद्याच्या वर उचलली. त्याचं डोकं असं काही चमकलं, की पहिल्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने डोळ्यांवर हात धरला.

जुळ्यांची आई दुसऱ्या रांगेत येऊन बसली. भाचेसून माईकपाशी गेली. मुलांची नावं सांगायच्या आधी तिने कोपऱ्याकडे हात केला आणि म्हणाली, "तिथे वायर धरून उभे आहेत, ते माझे मिस्टर. त्यांनी हात खाली केला, तर आजचा कार्यक्रम होणार नाही."

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. जुळ्यांच्या आईने जीभ चावली. भाच्याने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, वायर हलली, स्पीकर एकदा घुमला आणि सभागृह पुन्हा हसलं.

मग पहिली मुलगी बसली आणि वाजवायला लागली. सूर स्वच्छ येत होते. भाचा दीड तास तसाच उभा राहिला. हात भरून आला की दुसऱ्या हातात वायर घ्यायचा, आणि ती बदलताना इतका जपायचा, की पुन्हा एकदाही घुं आली नाही. अर्ध्या तासानंतर लोक त्याच्याकडे बघायचेसुद्धा विसरले. आत्याने काळा चष्मा लावला, खुर्चीत मागे टेकली आणि मुलं कुठे कुठे चुकतात, ते मोजायला लागली.